शेवगावहून आलेलं सामान

आमच्या घरात कुणी दिलेली वस्तू आली, की ती आधी उन्हात जायची. मग ती खुर्ची असो, उशी असो, की नाताळात कुणी दिलेलं स्वेटर. आई ती वस्तू अंगणाच्या मधोमध ठेवायची, तिच्याभोवती एक फेरी मारायची, उलटी करून बघायची, सांध्यांत रॉकेल सोडायची आणि ऊन उतरेपर्यंत तिच्यावर नजर ठेवून बसायची. "ढेकणं आसत्यात," असं ती शेजारणींना सांगे. पण ढेकणं हे निमित्त. तिला शोधायचं असायचं ते देणाऱ्याच्या मनातलं कारण. चांगली धडधाकट वस्तू कुणी उगाच देतं यावर तिचा कधीच विश्वास बसला नाही. ती मूळची कर्जतची. तिच्या लहानपणी कुणा पाहुण्याने फुकट दिलेल्या म्हशीने तिच्या वडिलांचा हात मोडला होता, आणि फुकटाचं नाव निघालं की ती अजूनही त्या म्हशीची शिंगं कशी होती ते सांगायची.

हे आज आठवायचं कारण म्हणजे माझ्या लेकीचा, स्नेहलचा फोन. ती पुण्यात असते. नवा फ्लॅट घेतलाय, आणि हल्लीच्या मुलांना नव्या घरात नव्या वस्तू नको असतात. भिंतीवर पणजोबांचं घड्याळ, कोपऱ्यात आजोळची खुर्ची, असं काय काय लावून ते फोटो काढतात. नाताळात आली तेव्हा माझं टोल्यांचं घड्याळ घेऊन गेली. मग जावई आरामखुर्ची घेऊन गेले. परवा म्हणाली, "आई, ते आरशाचं कपाट पण दे ना. हॉलमध्ये मस्त दिसेल. रविवारी टेम्पो पाठवते." मी हो म्हणायच्या आधी विचारलं, "का गं? काय झालं?" ती हसायला लागली. म्हणाली, "आई, तू अगदी आज्जीसारखी बोलतेस." मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. फोन ठेवल्यावर मी कपाटाभोवती एक फेरी मारली.

आमचं तिसगावचं घर बांधून झालं तेव्हा मी शाळेत जाणारी, दोन वेण्या घालणारी मुलगी होते. आजोबांचं मातीचं घर पाडून बाबांनी त्याच जागेवर विटांच्या तीन खोल्या काढल्या होत्या. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, खिडक्यांना हिरवा रंग. बाबा शाळामास्तर. सगळा जीव बांधकामात गेला आणि आत ठेवायला काही उरलं नाही. एक लोखंडी खाट, दोन ट्रंका, बाबांचं डुगडुगतं टेबल, आणि आईची स्वयंपाकाची भांडी. बाकी घर मोकळं. मी पुढच्या खोलीत उभी राहून "आई" अशी हाक मारायचे, तर आईच्या आधी भिंतीच ओ द्यायच्या. मला ते फार आवडायचं. बाबांना मात्र त्या घुमण्याची लाज वाटायची. घरभरणीच्या प्रार्थनेला पाळकसाहेब येणार, मंडळीतले लोक येणार, त्यांना काय जमिनीवर बसवायचं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. आई म्हणे, "बसत्याल की. परभूला काय सोफा लागतो व्हय?"

आईची काळजी निराळी होती. जागा आजोबांची. आजोबा गेल्यावर उताऱ्यावर बाबांबरोबर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे शेवगावच्या ताराआत्याचंही नाव लागलं होतं. आमच्या भागात अशा वेळी बहिणी तालुक्याला जाऊन, सही करून हक्कसोड देतात, भाऊ त्यांना साडीचोळी करतो, आणि सगळे मिळून हॉटेलात भजी खाऊन घरी परततात. हिंदूंत तसंच, आमच्या ख्रिस्ती लोकांतही तसंच. आत्याची हक्कसोड तेवढी राहिली होती. घर बांधायच्या आधीच ती करून घ्यायला हवी होती, असं आईचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. पण थोरल्या बहिणीला "तुझा हक्क सोड" असं तोंडावर म्हणायचं बाबांच्याने होईना. आई नसलेल्या बाबांना आत्यानेच कडेवर घेऊन वाढवलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एसटीने शेवगावला जायचे, विचारायचंच असं ठरवून जायचे, आणि तिन्हीसांजेला परत यायचे तेव्हा त्यांच्या तोंडाला लसणाचा वास असायचा.

"इचारलं का?" आई दारातच गाठायची.

"विषय निघाला न्हाई."

"मंग काय निघालं?"

"आक्कानं शेंगोळे केले हुते," बाबा म्हणायचे आणि चपला काढायला वाकायचे.

आत्याच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे मीही खाल्ले होते. लसूण-मिरचीच्या वाटणात शिजलेले, बोटाएवढे, वर कच्च्या तेलाची धार. ते खाताना कुणाला कुणाच्या हक्काबद्दल बोलणं सुचलं असतं असं मला वाटत नाही. पण बाबांच्या अशा प्रत्येक खेपेनंतर एक गंमत व्हायला लागली. शेजारचा बबन टेम्पोवाला शेवगावच्या बाजाराला माल घेऊन जायचा आणि रिकामा परत यायचा. तो आता रिकामा येईना. आधी आलं ते घड्याळ. पोत्यात गुंडाळलेलं, लंबक निराळा बांधलेला. "ताराबाईंनी दिलंय," बबन म्हणाला. "चावी दर रविवारी चर्चला जायच्या आधी द्यायची म्हनल्या."

बाबांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. हे घड्याळ, आरामखुर्ची आणि आरशाचं कपाट अशा तीन वस्तू आजोबांना मिशनच्या बंगल्यावरून मिळाल्या होत्या. आजोबा तिथे स्वयंपाकी होते. मडमसाहेब कायमची आपल्या देशाला निघाली तेव्हा तिने ज्याला जे आवडतं ते घ्या म्हणून सांगितलं होतं, असं आमच्याकडे सांगतात. आई म्हणायची, आजोबांनी आपल्या हातानेच आवडून घेतलं असणार. पुढे आत्याच्या लग्नात आजोबांनी ते सगळं तिला दिलं. म्हणजे वस्तू आमच्याच घराण्यातली, पण लेकीला दिलेली. आणि लेकीला दिलेलं माहेरी परत येत नसतं. आमच्याकडे वस्तू एकाच दिशेने जातात, माहेराहून सासरी. लेकीच्या घरी गेलं तर तिच्याकडचं पाणी प्यायलाही जुनी माणसं कचरत. तर हे घड्याळ उलट्या वाटेने आलं होतं, आणि आईच्या डोक्यात पहिली टिकटिक तिथेच सुरू झाली.

ते अंगणात उन्हात पडलं. आईने मागची फळी काढून आत बघितलं, मला चिमटीत फडकं देऊन चाकं पुसायला लावली. बाबांनी ते पुढच्या खोलीत खिळा ठोकून लावलं आणि घराचं घुमणं पहिल्यांदा थोडं कमी झालं. टोले पडायला लागले. पहिल्या दिवशी दर टोल्याला आई हातातलं काम थांबवून वर बघायची, जणू आत बसलेलं कुणी आता बाहेर येणार.

मग आली आरामखुर्ची, वेताची, हातांवर पेला ठेवायला भोकं असलेली. बाबा शाळेतून आले की तिच्यात बसायचे आणि अगदी साहेब दिसायचे. आई म्हणाली, "बसा, पर पाय पसरून बसू नका. परत द्यायची पाळी आली तर सवय नको."

"आगं, बहिनीनं दिलंय. घर सजावं म्हनून दिलंय."

"तिच्या घरी काय ठेवलंय मंग? तिनं कशावर बसायचं?"

खरं म्हणजे तो प्रश्न अगदी योग्य होता. आता या वयात मला कळतं, की आईला दिसायचं ते सगळं बरोबर दिसायचं, फक्त त्याचा अर्थ ती आपल्या पद्धतीने लावायची. तिने त्या दिवशी बाबांना समोर बसवून विचारलं, की तुम्ही तिथे जाऊन नक्की म्हणता तरी काय. बाबा म्हणाले, "काय म्हनायचं? घर झालंय म्हनतो. घर तुझंच हाय आक्का, ये की राहायला, टेम्पो पाठवून देतो म्हनतो."

"टेम्पो पाठवून देतो म्हनता?"

"म्हनायचं आसतं तसं," बाबा म्हणाले.

कपाट आलं तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण त्या दिवशी मी स्वतःला पहिल्यांदा अख्खी पाहिली. तोवर आमच्याकडे हाताएवढा आरसा, त्यात एका वेळी एक गाल दिसायचा. बबनने आणि बाबांनी ते कपाट उतरवून अंगणात उभं केलं, आणि त्याच्या दाराच्या आरशात मी होते, वेण्यांपासून अनवाणी पायांपर्यंत, मागे आमच्या हिरव्या खिडक्या आणि आभाळ. माझे गुडघे इतके काळे आहेत हे मला माहीतच नव्हतं. मी पुढे झाले तर आईने मागून वेणी ओढली. दुसऱ्याच मिनिटाला तिने जुनं लुगडं आणून आरशावर टाकलं. म्हणाली, "परक्याच्या आरशात बघू नये." ते लुगडं घरात गेल्यावरही तसंच राहिलं. आई बाहेर गेली की मी ते वर उचलून आत डोकवायचे आणि पुन्हा नीट पूर्वीच्याच चुण्यांवर सोडायचे. आईला कळायचंच.

कपाटाचे खण तिने एक एक करून बाहेर काढले. वरच्या खणात डांबराच्या गोळ्यांचा वास आणि रिकामी खोबरेलाची बाटली. खालच्या खणात आत्याची हिवाळ्याची लोकरी शाल, नीट चौघडी केलेली. बाबा म्हणाले, इसरली आसंल. आईने शाल नाकाशी नेली, उलगडली, पुन्हा तशीच घडी केली.

"इसरली न्हाई. ठेवलीया," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने आपला हिशोब जुळवला. भाकरी थापताना ती तो मला ऐकवायची, कारण बाबा ऐकत नसत. आत्या धूर्त आहे. लग्नात जे बापाने दिलं तेच बापाचं दिलं-घेतलं, तोच लेकीचा वाटा, असं चार माणसं धरतात. ती आता ते एकेक करून परत करते आहे. सगळं परत करून झालं की उद्या चावडीत उभी राहील आणि म्हणेल, मला बापाचं काही मिळालं नाही, मला घरात वाटा द्या. म्हणून तर सहीचा विषय निघू देत नाही, शेंगोळे खायला घालते. "आन आपल्याला एकच पोर, ती बी पोरगी," आई म्हणायची आणि भाकरी तव्यावर जरा जोराने टाकायची. आपली पोरगीही आत्यासारखीच, बापाच्या घरावर हक्क असलेली लेक आहे, हे तिच्या मनात येत होतं की नाही, मला सांगता येत नाही. मला मात्र त्या गोष्टी ऐकून आत्याची भीती वाटायला लागली होती. कपाट रात्रंदिवस भिंतीपासून हातभर लांब उभं असायचं. आईने ते भिंतीला टेकवू दिलं नव्हतं. टेकलं की राहिलं, असं तिचं म्हणणं.

असं करत करत घरात सामान जमलं. पाळकसाहेबांच्या मुलीने येऊन सांगितलं की मास्तरांचं घर बंगल्यासारखं दिसतंय. बाबांनी घरभरणीचा दिवस ठरवला. आणि त्या आठवड्यात बबनने टेम्पोतून पाटा उतरवला.

काळा, टाकी लावून ताजा केलेला पाटा, आणि वरवंटा फडक्यात बांधलेला. आई त्याच्याकडे बघत राहिली. त्याला तिने उन्हातही टाकलं नाही, रॉकेलही लावलं नाही. घड्याळाशिवाय घर चालतं, खुर्चीशिवाय चालतं, आरशाशिवाय तर आमच्या आजीपणजींचं चाललंच होतं. पण पाट्याशिवाय चूल नाही. बाई घर बदलते तेव्हा सगळ्यात शेवटी पाटा उचलते. ज्या घरात पाटा, त्या घरात ती बाई.

"झालं," आई म्हणाली. "चूल मांडायला निघाली. माझ्या घरात दुसरी चूल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शाळेला निघताना तिने त्यांना सांगितलं, की आज मी सगळं सामान शेवगावला पोचतं करणार आहे, आणि सहीचं मी माझ्या तोंडाने विचारणार आहे. बाबा सायकलला हात लावून उभे राहिले. त्यांना काही आवडलं नाही की ते सायकलची घंटी उगाच एकदा वाजवायचे. तशी ती वाजवली आणि गेले. मला त्यांचा राग आला. आईचाही आला. पण मला शाळा बुडवून टेम्पोत बसायला मिळणार होतं, म्हणून मी गप्प राहिले.

बबनने आणि दोन गड्यांनी सामान चढवलं. कपाट उभं, त्याला खुर्ची टेकवलेली, घड्याळ गोधडीत, पाटा सगळ्यात शेवटी, फळीच्या कडेला. वरून ताडपत्री आणि नायलॉनची दोरी. दोरी आईने स्वतः बांधली. मी मध्ये बसले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला मागून घड्याळाचा अर्धवट टोला ऐकू यायचा. वाटेतलं अमरापूर सोडल्यावर आई बबनला म्हणाली, "मी काय वाईट बाई हाय का रं?" बबन म्हणाला, "न्हाई वो, मास्तरीनबाई," आणि गियर बदलला.

आत्याचं घर शेवगावात बाजारपेठेच्या मागे. आत्याचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा साखर कारखान्यात कामाला, त्याचं लग्न नुकतंच झालेलं. दार त्याच्या बायकोने उघडलं. चांगली मुलगी होती. आम्हाला बसा म्हणाली, पंखा लावला. आत सगळं नवं होतं. सनमायकाचं शोकेस, त्यात काचेची हरणं, टीव्ही, लाल कव्हरचा सोफा. भिंतीवर जिथे घड्याळ असायचं तिथे रंगाचा एक फिकट चौकोन उरला होता आणि त्यावर कॅलेंडर टांगलं होतं, पण चौकोन कॅलेंडरहून मोठा होता. आई त्या चौकोनाकडे बघत होती.

"आईंनी पाठवलं ना सगळं तुमच्याकडे," सून म्हणाली. "इथं जागाच न्हाई हो. हे म्हनले भंगारवाल्याला देऊ, तर त्या म्हनल्या, नको, माझ्या भावाचं घर झालंय."

"वन्सं कुठंयत?" आईने विचारलं.

"मागं. पडवीत असतात त्या. त्यांना तिथंच बरं वाटतं."

मागे पडवीत मोटारसायकल होती, सिमेंटच्या दोन गोण्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या जागेत एक खाट. खाटेवर आत्या नव्हती, अंथरूणही नव्हतं. ते गुंडाळून बांधलं होतं. शेजारी एक ट्रंक, तिच्यावर बायबल आणि चष्म्याची डबी. कुणी तिला मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. तिला फक्त जागा नव्हती. आईने ते सगळं एकदा नजरेखालून घातलं, आणि तशीच वळून बाहेर टेम्पोकडे गेली. मला वाटलं आता सामान उतरणार. तिने दोरीच्या गाठीला हात घातला. गाठ घट्ट बसली होती, ती दात लावून सोडवत होती.

तेवढ्यात आत्या बोळातून पुढे आली. अंगावर चर्चची पांढरी साडी, केस विंचरलेले, काखेत अंथरुणाची वळकटी. मागून सून ट्रंक घेऊन येत होती. आत्या टेम्पोजवळ येऊन थांबली, आणि तिने आधी टेम्पोकडे, मग आईकडे पाहिलं.

"आलीस व्हय सगुणा?" ती म्हणाली. "मी म्हनलं शांतू टेम्पो पाठवायचं इसरला का काय. रोज वाट बघती. लई बरं झालं तू सोता आलीस."

आईच्या हातात दोरीचं टोक होतं. गाठ अर्धी सुटली होती. मी आईकडे बघत होते आणि तिचा चेहरा मला कळत नव्हता. मग तिने ती गाठ पुन्हा आवळायला सुरुवात केली. अगदी सावकाश, एक वेढा, दुसरा वेढा.

"यायचंच हुतं," आई म्हणाली. "घरभरनी हाय. तुमच्याबिगर कशी व्हनार?"

ताडपत्रीचा कोपरा वाऱ्याने उडाला होता आणि कपाटाचा पाय दिसत होता. आत्याने तो पाहिला. तिने वाकून नीट पाहिला.

"ह्ये कपाट कशाला आनलं?"

बबन टायरकडे बघायला लागला. आई एरवी कधी खोटं बोलायची नाही, संशयी माणसाला ते परवडत नाही. पण ती म्हणाली, "सुताराकडं आनलंय. दार घासतंय."

"माझं दार कधी घासलं न्हाई," आत्या म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "नव्या जागंत घासत आसंल."

खोटं बोलल्यावर ते निभावणं आलं. शेवगावच्या स्टँडजवळ एक सुतार होता, त्याच्यासमोर आईने टेम्पो थांबवला. कपाट खाली उतरलं. सुताराने दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "बाई, दार तर लोन्यासारखं चालतंय," तो म्हणाला. "घासतंय म्हनते ना," आई म्हणाली. तिचा आवाज असा होता की त्याने पुढे काही विचारलं नाही. रंधा घेऊन त्याने त्या चांगल्या सागवानी दाराची कड तासली. भुसा आमच्या पायांवर उडत होता. आत्या टेम्पोत माझ्या शेजारी बसून ते सगळं बघत होती, आणि तिने माझा हात आपल्या हातात घेतला होता. तिचा हात थंड होता. त्या दिवसापासून ते दार कधी नीट बसलं नाही. ते आपोआप उघडायचं, म्हणून त्याच्यात कागदाची घडी घालून ठेवावी लागते. अजूनही ठेवते.

संध्याकाळी बाबा सायकलवरून अंगणात शिरले तर आरामखुर्चीत आत्या बसली होती. बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुमीच म्हनला हुता ना, टेम्पो पाठवतो?" बाबा वळून नळावर तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. आत आईने आरशावरचं लुगडं काढलं होतं, आणि कपाट भिंतीला टेकवलं होतं. पाटा तिने आपल्या पाट्याशेजारी मांडला. एका स्वयंपाकघरात दोन पाटे असलेलं दुसरं घर मी पाहिलं नाही.

यापुढे सगळं गोड झालं असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. आईने आत्यावर संशय घेणं शेवटपर्यंत सोडलं नाही. मिठाची बरणी कुणी हलवली, दुधाची साय कुठे गेली, असं रोजचं चालू असायचं. आत्याही कमी नव्हती. पण हक्कसोडीचा विषय आईने पुन्हा काढला नाही, आणि बाबांना तर तो कधी काढायचाच नव्हता. आत्या जाईपर्यंत तिचं नाव उताऱ्यावर होतं.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी होते तेव्हाची गोष्ट. स्नेहल पाळण्यात, आई बाजाराला गेलेली. आत्या सुपात हुलगे निवडत होती. आता तिला फारसं दिसत नसे, बोटांनी चाचपून खडे काढायची. कपाटाचं दार उघडलं म्हणून मी उठून कागदाची घडी नीट केली. आत्या मान वर न करता म्हणाली, "दाराला काई सुदिक झालं नव्हतं."

मी घडी बोटाने आणखी आत दाबली.

"सामान माघारी द्यायला आनलं हुतं तुझ्या आईनं. मला दोरीची गाठ बघूनच कळालं. सुटत आलेली हुती. तिला सांगू नगं बरं, तिला वाटतंय मला ठावं न्हाई."

"मग आत्या, कळलं तर बसलात कशाला टेम्पोत?"

तिने एक खडा काढून बाजूला टाकला.

"दुसरा कुठला टेम्पो यनार हुता, बेबे?"

आई गेली, बाबा गेले, माझे यजमानही गेले. निवृत्तीनंतर मी तिसगावच्या घरात परत आले आणि आता एकटीच असते. घड्याळ गेल्यापासून पुढच्या खोलीत टोले पडत नाहीत. खुर्ची गेल्यापासून त्या कोपऱ्यात कुणी बसत नाही. घर पुन्हा घुमायला लागलंय, हाक मारायला मात्र कुणी नाही. स्नेहल फोन ठेवताना दर वेळी म्हणते, "आई, तू पण ये ना राहायला." मी दर वेळी "बघू" म्हणते. ती म्हणायचं असतं म्हणून म्हणते की खरंच म्हणते, ते तिच्या आवाजावरून मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मी पुष्कळ कान देऊन ऐकलंय. एक तेवढं माझ्या लक्षात आलंय, की ती माझ्या एकेक वस्तू नेते आणि फोटो पाठवताना प्रत्येक वेळी विचारते, "इथे बरी दिसते का? की तुला खिडकीजवळ हवी होती?"

कपाटाचं दार दुरुस्त करून घेऊ म्हणाली. मी सांगितलं, बाकी काय हवं ते कर, दाराला हात लावू नकोस. रविवारी टेम्पो येईल. आरसा मी पुसून ठेवलाय, दारात कागदाची नवी घडी घातलीय, आणि खालच्या खणात माझी शाल ठेवलीय. आत्याचा पाटाही धुऊन त्याच्या शेजारी उभा केलाय.